चिठ्ठी दिली, पुढे काय?

पत्राचा थोडक्यात आशय : पत्र एका अंगणवाडी सेविकेचं आहे. तिच्या गावातला सव्वादोन वर्षांचा एक मुलगा हाक मारली तरी वळून बघत नाही आणि एकही शब्द बोलत नाही. काही हवं असलं की मोठ्या माणसाचं मनगट धरून ओढत नेतो, नाहीतर डब्याचं झाकण फिरवत बसतो. जुलैत आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, तपासणी पथक आलं तेव्हा तिनेच आग्रहाने त्याला दाखवलं. पथकाच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या डीईआयसीची, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, चिठ्ठी दिली. केंद्र ८५ किलोमीटरवर. आजी भडकली, "आमच्या नातवाला वेडा ठरवताय का?" वडील म्हणतात, मीही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो. आई गप्प. गेल्या वर्षी सेविकेने पाठवलेली एक मुलगी 'काही नाही' म्हणून परत आली, त्यावरून तिला गावात बोलणी खावी लागली. दुसऱ्या एका मुलाला आठवड्यातून दोनदा थेरपी सांगितली, घरच्यांनी दोन खेपा केल्या आणि सोडून दिलं. पर्यवेक्षिकेचं म्हणणं, चिठ्ठी दिली, आपलं काम संपलं. हे कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार आहे. सेविका विचारते, "पुढे सोयच नसेल तर तपासून लोकांना घाबरवायचं कशाला? यापुढे मी गप्प बसलेलं बरं का?"

ताई,

'असं बोलू नका, तपासणी चांगलीच' असं म्हणून तुमच्या प्रश्नातून सुटका करून घेता येणार नाही. पुढे निदानाची आणि उपचाराची सोय असेल तरच लोकांची सरसकट तपासणी करावी, हा जुना नियम आहे. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी तो लिहून ठेवला. कॅनडाच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं, की एक ते चार वर्षांच्या ज्या मुलांबद्दल घरच्यांना किंवा डॉक्टरांना काहीच शंका नाही, त्यांना प्रश्नावली लावून विकासाची चाळणी करू नका. त्याच वर्षी अमेरिकेतल्या तशाच एका गटाने ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) सरसकट चाळणीसाठी पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची चाळणी करा म्हणते. मोठमोठ्यांचंही यावर एकमत नाही.

पण हा सगळा वाद ज्यांच्याबद्दल शंका नाही अशा मुलांचा आहे. या मुलाबद्दल पथक यायच्या आधीच तुम्हाला खटकलं होतं. खटकलेल्या मुलाला पुढे पाठवायचं की नाही, यावर वाद नाही.

आधी गेल्या वर्षीच्या मुलीचं बोलू, कारण ती तुम्ही स्वतःची चूक धरून बसला आहात. समजा शंभर मुलं तपासली आणि त्यातल्या पाचांना खरोखर अडचण आहे. बऱ्यापैकी चांगली प्रश्नावली त्या पाचांतल्या चौघांना पकडेल आणि उरलेल्या पंचाण्णवांतल्या नऊ-दहा जणांवर विनाकारण बोट ठेवेल. म्हणजे तेरा-चौदा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या नऊ-दहा 'काही नाही' म्हणून परत. आकडे समजुतीपुरते घेतलेत, पण अडचण असलेली मुलं थोडी आणि नसलेली पुष्कळ असली की हिशेब असाच बसतो. त्यात तुमची चूक काही नाही. चूक असलीच तर एवढीच, की त्या मुलीच्या घरच्यांना निघायच्या आधी हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी सांगून टाका : "तिथून बरीच मुलं ठीक म्हणून परत येतात. आपणही तेच ऐकायला चाललोय. ठीक नसलं तर लवकर कळेल." मग 'काही नाही' ऐकून आलेलं कुटुंब फसल्यासारखं होत नाही. आणि त्या हिशेबातलं पाचवं मूल विसरू नका. ते चाळणीतून निसटलेलं असतं. पथकाने 'ठीक' लिहिलं तरी तुमच्या मनातली शंका गेली नसेल, तर तीन महिन्यांनी त्या मुलाकडे पुन्हा बघा. त्या मुलीकडेही एकदा बघून घ्या. तिचे कान तपासले होते का, एवढं तिच्या आईला विचारा.

आता या कार्यक्रमाची रचना कुठे तोकडी पडते ते बघू, म्हणजे तुमचं गप्प बसणं किती महाग पडेल ते दिसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मतःचे दोष, आजार, पोषणाच्या कमतरता आणि विकासातला उशीर, अशा चार गोष्टी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधायच्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. पहिल्या तीन गोष्टी वजनकाट्यावर, दातांत, डोळ्यांत, स्टेथोस्कोपमध्ये पुष्कळशा सापडतात. चौथी दोन मिनिटांत सापडत नाही, कारण मूल झोपलेलं असतं, रडत असतं, नाहीतर आईच्या पदराआड गेलेलं असतं. शिवाय पथक येतं तेव्हा अंगणवाडीत बसलेली असतात तीन ते सहा वर्षांची मुलं. विकासातला उशीर पकडायचं वय त्याच्या अलीकडचं, आणि ती मुलं घरी असतात.

आशाताई नवजात बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जातात, मग ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना. पंधराव्या महिन्याला ठरलेल्या भेटी संपतात. मूल बोलायला लागतं की नाही हे कळायचं वय तिथून पुढे सुरू होतं. तेव्हापासून बाळ तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत येईपर्यंत त्याच्याकडे नेमाने बघणारं सरकारी माणूस उरतं एकच, ते म्हणजे तुम्ही. म्हणून पथकाची तारीख कळली की शून्य ते तीनच्या मुलांना घरोघर निरोप द्या. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. लसीकरणाच्या त्या दिवशी बाळ हातात असतं, आई निवांत बसलेली असते. तेव्हा एवढं विचारा : एकट्याने चालतो का? हाकेला वळतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? निदान पाच-सहा शब्द अर्थ धरून बोलतो का? आधी येत असलेलं काही बोलणं-खेळणं बंद पडलंय का?

अठरा महिन्यांना न चालणं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांना दोन शब्द जोडून न बोलणं, ही थांबायची नव्हे, पाठवायची कारणं आहेत. वर्षाच्या आत एकच हात सतत वापरणं आणि दुसरा मुठीत आवळलेला असणं हेही. आलेलं बोलणं गेलं असेल तर वय विचारत बसू नका, त्याच आठवड्यात पाठवा. मात्र बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करून मोजा. आठ आठवडे आधी जन्मलेलं वर्षाचं बाळ साधारण दहा महिन्यांचं धरायचं. हे न केल्यामुळे विनाकारण चिठ्ठ्या निघतात.

"सोय नाही" हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डीईआयसीत कागदावर बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक अशी मोठी फळी आहे. कित्येक ठिकाणी त्यातल्या खुर्च्या रिकाम्या असतात. पण या मुलाला पहिल्यांदा थेरपी लागतच नाही, त्याला कानांची तपासणी लागते. हाकेला न वळणाऱ्या मुलाचं आधी ऐकू येणं बघायचं, बाकी सगळं मग. 'थाळी वाजवली तर दचकतो की' हा पुरावा चालत नाही. थाळीचा आवाज मोठा असतो, बोलण्यातले बारीक आवाज त्यात नसतात, शिवाय मूल हादऱ्याने किंवा तुमचा हात हललेला बघूनही दचकतं. यासाठी ओएई आणि बेरा या यंत्रावर होणाऱ्या दोन तपासण्या आहेत. बेरासाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून बऱ्याचदा वेगळी तारीख मिळते किंवा झोपेचं औषध देतात. डीईआयसीत यंत्र किंवा माणूस नसेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागाची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहून मागा. मुंबईजवळच्यांना वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बालरोगतज्ज्ञ थायरॉईड आणि रक्तक्षय बघायला सांगतील, तेही करून घ्या.

दुसऱ्या मुलाला आठवड्यातून दोनदा थेरपी सांगितली आणि त्याचे आईबाप टिकले नाहीत, यात आईबापांचा दोष किती आणि सल्ल्याचा किती? रोजंदारी बुडवून ८५ किलोमीटर जाऊन यायचं, तेही आठवड्यातून दोनदा, हे टिकणारच नाही. अशा वेळी थेरपिस्टला तिथेच स्पष्ट सांगायचं : "महिन्यातून एकदा येऊ शकतो. घरी रोज काय करायचं ते तीन गोष्टींत लिहून द्या आणि आत्ता आमच्याकडून एकदा करवून घ्या." हा दुय्यम उपाय नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी शिकवून बघितलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आईबाप मुलाच्या कलाने घेऊन प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. सगळंच बदललं असं नाही. पण तज्ज्ञ जवळ नाही म्हणजे हात बांधले, असंही नाही.

घरी करायचं ते निदानाची वाट न बघता आजपासून करता येतं, आणि निदान काहीही निघालं तरी त्याने नुकसान होत नाही. दिवसातून तीन वेळा, पाच-दहा मिनिटं, मोबाईल आणि टीव्ही बंद. आईने जमिनीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. तो झाकण फिरवतोय ना? हिसकावून घ्यायचं नाही. दुसरं झाकण घेऊन आपणही फिरवायचं, "फिर फिर फिर" म्हणायचं आणि एकदम थांबायचं. मनात दहा मोजायचे. त्याने तोंडाकडे बघितलं, हात पुढे केला, आवाज काढला, काहीही केलं तरी लगेच पुन्हा फिरवायचं. ही थांबायची दहा सेकंदं आयांना सगळ्यात जड जातात. त्या मध्येच बोलतात आणि मुलाची पाळी जाते. तेवढंच तुम्ही शेजारी बसून एकदा दाखवा. बिस्किटाचा डबा घट्ट लावून समोर ठेवायचा, म्हणजे मागायची वेळ येते. केळं आणि बिस्किट दोन्ही हातात धरून "काय हवं?" विचारायचं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने 'नवचेतना' हा शून्य ते तीन वर्षांसाठीचा आराखडा काढला, त्यात महिन्यागणिक खेळ दिलेत. अंगणवाडी सेविकांसाठीचं 'आरंभ' प्रशिक्षण झालं असेल तर त्यातले खेळही चालतील. नवीन साहित्य काही लागत नाही.

आता आजी. आजीचा राग तपासणीवर नाही, गाव काय म्हणेल यावर आहे. म्हणून टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या, वाटपाच्या दिवशी चार बायकांसमोर हा विषय काढूच नका. आशाताईला घेऊन संध्याकाळी घरी जा, वडील आणि आजी दोघं असताना. ऑटिझम, मतिमंद, दिव्यांग यातला एकही शब्द उच्चारू नका. तुम्हाला निदान माहीत नाही, पथकालाही नाही. जे दिसतं ते त्यांनाच करायला लावा. मुलगा खेळात असताना आजीने पाठीमागून, हात न लावता, नावाने तीनदा हाक मारायची, मध्ये थोडं थांबून. मग तुम्ही वरच्या पंख्याकडे बोट करून "तो बघ पंखा!" म्हणा. या वयाचं मूल पंख्याकडे बघतं आणि मग परत तुमच्या तोंडाकडे बघतं. तो कुठे बघतो ते घरच्यांना बघू द्या. मग रिकामा कप हातात द्या : "आजीला चहा दे." यावर तुम्ही काही निकाल देऊ नका.

वडिलांना खोडून काढू नका. ते खरंच उशिरा बोलले असतील. त्यांच्या आईलाच विचारा, "हे बोलत नव्हते तेव्हा हाकेला वळायचे का? बोट दाखवून मागायचे का? टाटा करायचे का?" नुसतं उशिरा बोलणारं मूल शब्दांवाचून सगळं सांगत असतं आणि सांगितलेलं ऐकतही असतं. हा फरक आजीच्याच तोंडून निघाला तर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. मग म्हणा, "आधी कान तपासून येऊ." हे खरंच पहिलं पाऊल आहे, बहाणा नाही. पण तिथे बालरोगतज्ज्ञही बघतील, प्रश्न विचारतील, हे त्याच वेळी सांगा. लपवून नेलं तर पुढची चिठ्ठी कुणी घेणार नाही.

'नाव नोंदलं की शिक्का बसतो' ही भीती बोलून दाखवली गेली नसली तरी घरात असणार. चिठ्ठी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ही निराळी वाट आहे. त्यासाठी आईबापांना स्वतः अर्ज करावा लागतो आणि डॉक्टरांची वेगळी तपासणी होते. त्यांनी मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही आणि डीईआयसीत उपचार घ्यायला ते लागतही नाही. पुढे कधी लागलंच, तर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे कागदामुळे शाळा बंद होत नाही.

जायची तयारी नीट केली तर एका खेपेत पुष्कळ होतं. बहुतेक खेपा वाया जातात त्या डॉक्टरांमुळे कमी आणि चुकीच्या दिवशी, चुकीच्या खिडकीवर गेल्याने जास्त. पथकाच्या डॉक्टरांकडून डीईआयसीच्या व्यवस्थापकाचा किंवा समाजसेवकाचा नंबर घ्या. फोन करून विचारा, बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-श्रवण तज्ज्ञ दोघं एकाच दिवशी कधी असतात? तोच दिवस घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, आधार आणि चिठ्ठी एका पिशवीत. चिठ्ठीवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का ते आदल्या दिवशी बघा. मोबाईलवर दोन छोटे व्हिडिओ काढून ठेवा, एक हाक मारल्यावरचा, एक तो एकटा खेळतानाचा. दवाखान्यात मूल बिथरतं आणि डॉक्टरांना खरं काही दिसत नाही, तेव्हा ते कामी येतात. आवडीचं झाकण सोबत असू द्या, खाऊही. ताप किंवा कान वाहत असेल तर तारीख बदलून घ्या. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. त्यामुळे आई आणि आजी गेल्या तर खर्च आटोक्यात राहतो. शिवाय आजीने डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं. निघताना तीन गोष्टी कागदावर घेतल्याशिवाय उठायचं नाही : काय तपासलं, घरी काय करायचं, पुढची तारीख कुठली.

पर्यवेक्षिकांना उलट उत्तर देऊ नका, पण त्यांचं म्हणणं नियमाला धरून नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉल काढला. त्यात खुणा ओळखणं, मुलाला अंगणवाडीत सामावून घेऊन घरच्यांना बळ देणं, आणि आशा, एएनएम (आरोग्यसेविका) व आरबीएसकेमार्फत पुढे पाठवायला मदत करणं अशा तीन पायऱ्या आहेत. चिठ्ठीवर काम संपतं असं त्यात कुठे नाही. एका वहीत चार रकाने आखा : चिठ्ठी कधी दिली, मूल पोचलं का, लेखी उत्तर आलं का, पुढची तारीख. न पोचलेल्यापुढे कारण एका शब्दात लिहा, जसं भाडं, मजुरी, तज्ज्ञ नव्हते, घरचे तयार नाहीत. मासिक बैठकीत ही वही ठेवा. वरती किती मुलं तपासली याचा आकडा जातो, किती पोचली याचा तितक्या आवर्जून कुणी विचारत नाही. 'तज्ज्ञ नव्हते' असं पाच-सहा जणांपुढे लिहिलेलं असेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागायला आधार मिळतो. तीन-चार गावांच्या सेविकांनी मिळून अशी वही ठेवली तर एकाच दिवशी सगळ्यांना नेणारी गाडी मागता येते. ग्रामसभेतही हा विषय मांडता येईल, फक्त मुलांची नावं न घेता.

आणि दसरा. एप्रिलमध्ये हे कुटुंब परत येईल तेव्हा पोर तीनला टेकलेलं असेल, म्हणून कानांची तपासणी त्याआधी उरकायचा प्रयत्न करा. बाकीचं राहिलं तर राहू द्या. जाताना आईच्या मोबाईलमध्ये सगळ्या कागदांचे फोटो काढून द्या, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करा आणि कारखान्याच्या गावात पोचल्यावर तिथल्या सेविकेला ते फोटो दाखवायला सांगा. टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला आधीच माहीत असतं. त्याच्याकडून गावाचं नाव घेऊन ठेवा, आणि दिवाळी झाली की आईला एक फोन करा.